बोर्ड स्वस्त झाला, त्याचा संगणक कधी होतो?

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय नावाचा बोर्ड ३५ डॉलरला विक्रीला आला आणि पहिल्याच सकाळी गर्दीमुळे विक्रेत्यांच्या वेबसाइट्स बंद पडल्या. एटीएम कार्डाएवढा आकार, ७०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी, टीव्हीला जोडायची एचडीएमआयची खाच, दोन यूएसबी आणि कडेला उघड्या पिनांची रांग, एवढं सगळं त्यावर होतं. केंब्रिजमधल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काळजी होती ती विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची. १९८०च्या दशकात इंग्लंडमधली मुलं घरातल्या बीबीसी मायक्रो या संगणकावर प्रोग्राम लिहायला शिकत, ती सवय नंतर मोडली होती. मोडलं तरी परवडेल असं यंत्र पुन्हा मुलांच्या हाती द्यावं, हा त्यामागचा विचार होता. पण पाकिटातून निघायचा तो नुसता बोर्ड. चार्जर नाही, मेमरी कार्ड नाही, कीबोर्ड नाही, डबीसुद्धा नाही. कार्डाशिवाय वीज जोडली, तर एक लाल दिवा लागे आणि पडदा काळाच राही. या लाल दिव्यापासून ते एखादी मुलगी त्यावर रोज तासभर काम करू शकेल इथपर्यंतचं अंतर कोण कापतं आणि कशाच्या बळावर, हा या लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं असं, की हे अंतर वेगवान चिपने कापलं जात नाही आणि आणखी कमी किमतीनेही नाही. ते बोर्डाभोवती वर्षानुवर्षं चालणाऱ्या देखभालीने कापलं जातं. ही देखभाल किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाही, म्हणून विकत घेणारे तिचा हिशेब धरत नाहीत आणि पुष्कळदा विकणारेही धरत नाहीत.

आधी डोळ्यांना दिसणाऱ्या गरजा पाहू. ३५ डॉलरच्या बोर्डाला चार्जर, कार्ड, केबल, कीबोर्ड, माउस आणि पडदा जोडायचा म्हटलं, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार होतो. हे बनवणाऱ्यांनाही कळलेलं होतं. २०२० साली त्यांनी कीबोर्डातच बसवलेला रास्पबेरी पाय ४०० काढला. नुसतं यंत्र ७० डॉलरला होतं, आणि चार्जर, माउस, केबल, तयार कार्ड नि एक पुस्तक असलेला संच १०० डॉलरला. या दोन किमतींमधले तीस डॉलर मला बोलके वाटतात. संगणक वापरता येणं ज्यावर अवलंबून आहे, अशा पुष्कळशा गोष्टी त्या तीस डॉलरांत येतात, आणि घरी पडून असलेल्या वस्तूंवर भागवायला गेलं की नेमकं तिथेच अडतं.

चार्जरचंच उदाहरण घेऊ. सुरुवातीच्या बोर्डांना मोबाइलच्या जुन्या चार्जरचीच पिन लागे, तेव्हा घरातला कुठलाही चार्जर चालेल असा समज होणं साहजिक होतं. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात. २०१४ पासूनच्या बहुतेक बोर्डांवर व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं, की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं छोटं पिवळं चिन्ह उमटतं. आता एक मीटर लांबीची स्वस्त केबल घ्या. तिच्या आतल्या विजेच्या तारा अनेकदा २८ गेजच्या असतात आणि अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम भरतो. वीज जायला एक तार आणि यायला दुसरी, म्हणजे एकूण ०.४२ ओहम. बोर्डाने १ अँपिअर विजेची मागणी केली की ०.४२ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात आणि बोर्डापर्यंत पोचतात ४.५८. म्हणजे चार्जर चांगला, बोर्ड चांगला, आणि तरीही संगणक मध्येच अडखळतो, पुन्हा सुरू होतो किंवा यूएसबीला लावलेला पेनड्राइव्ह गायब होतो. फोनला हा प्रश्न येत नाही, कारण फोनच्या आत बॅटरी असते, वीज कमी आली तर तो सावकाश चार्ज होतो इतकंच. बोर्डाला अशी उसंत नसते. ज्याला हे ठाऊक नाही तो बोर्डाला दोष देतो, कार्ड बदलतो, सॉफ्टवेअर पुन्हा भरतो, आणि शेवटी यंत्र कपाटात ठेवून देतो. दोष त्याचा नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मेमरी कार्डाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आपण घेतो ते मायक्रो एसडी कार्ड मुळात कॅमेऱ्यासाठी घडवलेलं असतं. कॅमेरा मोठमोठ्या फाइल्स एकामागोमाग एक लिहितो, आणि कार्डावर छापलेला दहाचा आकडा तसल्या लिहिण्याचाच वेग सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमचं वागणं याच्या अगदी उलट. ती दिवसभर चार-चार किलोबाइटच्या बारीक नोंदी कार्डावर जागोजागी लिहीत असते. कार्डाच्या आतली फ्लॅश मेमरी मात्र इतका लहान तुकडा सुटा पुसू शकत नाही, तिला एक मोठा भागच पुसावा लागतो. म्हणून आतला नियंत्रक सतत इकडचा मजकूर तिकडे हलवत असतो, आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली तर काल लिहून ठेवलेला, ज्याला आज कुणी हातही लावलेला नाही, असा मजकूरही बिघडू शकतो. दिवसातून तीनदा वीज जाणाऱ्या गावात हा बोर्ड चालवायचा, तर हा मुद्दा प्रोसेसरच्या वेगापेक्षा कितीतरी मोठा आहे. त्यावर उपाय आहेत. बारीक आणि विखुरलेल्या लिखाणाचा वेग तपासून ए१ असा शिक्का दिलेली कार्डं मिळतात. रोजच्या नोंदी कार्डाऐवजी मेमरीत ठेवता येतात. अख्खं कार्ड केवळ वाचण्यापुरतं ठेवून बदल तात्पुरते मेमरीत साठवायची सोय रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्येच आहे. त्या सोयीचा शोध, चाचणी आणि लेखी सूचना कुणीतरी बसून केल्या, म्हणून आज ती दोन-चार कळा दाबून मिळते.

घड्याळाचं तर फार थोड्यांच्या लक्षात येतं. नेहमीच्या संगणकात बटणाएवढा सेल असतो आणि यंत्र बंद असतानाही वेळ पुढे सरकत राहते. पैसे वाचवायला रास्पबेरी पायवर ते घड्याळच ठेवलं नव्हतं. २०२३ साली आलेल्या पाचव्या पिढीत ते आलं, सेल मात्र तेव्हाही वेगळाच घ्यावा लागला. इंटरनेट असेल तर बोर्ड सुरू होताच वेळ विचारून घेतो. इंटरनेट नसेल तर शेवटचं चालू असताना जी वेळ टिपून ठेवली होती, तिथूनच पुढे मोजायला लागतो. उन्हाळ्याच्या सुटीत बंद राहिलेला शाळेतला बोर्ड जूनमध्ये उघडला, की त्याच्या लेखी अजून एप्रिलच चालू असतो. मुलांच्या कामाच्या तारखा चुकतात, आणि पुढे इंटरनेट जोडलं तर घड्याळ जुळेपर्यंत मधल्या काळात निघालेली सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला भविष्यातली वाटतात, वेबसाइट उघडायला तो नकार देतो. थोड्याच पैशांचं घड्याळाचं मॉड्यूल पिनांवर बसवलं की प्रश्न मिटतो. पण ते बसवायचं असतं हे माहीत हवं.

इथवरच्या गोष्टी पैशाने आणि थोड्या माहितीने सुटतात. खरा डोंगर सॉफ्टवेअरचा आहे, आणि इथे दोन स्वस्त बोर्डांची तुलना उपयोगी पडते. २०१५ साली चीनमधल्या शेन्झेनच्या कंपनीने ऑरेंज पाय पीसी हा बोर्ड १५ डॉलरला काढला. चार कोअर, १ गिगाबाइट मेमरी, म्हणजे त्याच सुमाराच्या ३५ डॉलरच्या रास्पबेरी पाय २ ची जवळजवळ बरोबरी, तीही निम्म्याहून कमी किमतीत. कागदावर निकाल लागलेला होता. पण त्याची ऑलविनर चिप ज्या लिनक्स कर्नेलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, चालायची तो होता ३.४, म्हणजे २०१२ सालचा, चिपच्या कंपनीने स्वतःच्या बदलांनी भरलेला. कंपनीने तो पुढे नेला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ प्रकल्पानेही ३.४ ची देखभाल थांबवली. त्याच वर्षी त्या कर्नेलमध्ये एक दरवाजा उघडा राहिल्याचं समोर आलं. चाचणीसाठी ठेवलेल्या एका फाइलमध्ये ‘रूटमायडिव्हाइस’ असा एक शब्द लिहिला की कुठल्याही साध्या प्रोग्रामला यंत्राचा पूर्ण ताबा मिळत असे. हे उघडकीला आणलं ते आर्मबियन या प्रकल्पाच्या लोकांनी. तो प्रकल्प असल्या बोर्डांना धड लिनक्स मिळावं म्हणूनच चालतो. या चिपला मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये जागा मिळवून देण्याचं कामही स्वयंसेवकांनीच केलं, आणि बोर्डाची नेटवर्कची साधी जोडणी त्यात कायमची बसायला २०१८ साल उजाडलं. १५ डॉलर देऊन बोर्ड घेणाऱ्याने तोवर काय करायचं होतं?

हे असं का होतं, हे समजून घ्यायला हवं. आपल्या टेबलावरच्या पीसीमध्ये कुठल्याही कंपनीचा मदरबोर्ड असो, सुरू होताना आत काय काय जोडलेलं आहे याची यादी तो ठरलेल्या रीतीने ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देतो. त्यामुळे एकच पेनड्राइव्ह हजार तऱ्हेच्या पीसींवर लिनक्स बसवू शकतो. एआरएमच्या स्वस्त बोर्डांवर अशी रीतच नव्हती. कुठली चिप कुठल्या पिनेला आहे, घड्याळाचा ठोका कुठून येतो, वीज कोण चालू-बंद करतं, हे प्रत्येक बोर्डासाठी वेगळं लिहून द्यावं लागे, आणि जो तो ते आपल्या पद्धतीने कर्नेलमध्ये कोंबत असे. २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी या गोंधळावर जाहीरपणे त्रागा केला. त्यानंतर ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत रुळली: बोर्डाच्या रचनेचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा आणि कर्नेल सर्वांसाठी एकच ठेवायचा. पण नकाशा तरी कुणीतरी लिहायला हवा, तपासून घेऊन मुख्य प्रकल्पात पोचवायला हवा, आणि दर नव्या आवृत्तीला तो चालतो की नाही हे पाहायला हवं. जी कंपनी दर सहा महिन्यांनी नवा बोर्ड काढून जुन्याकडे पाठ फिरवते, तिला हे काम परवडत नाही. खरेदीदाराच्या हाती पडतं ते एक झिप फाइलमधलं जुनं सॉफ्टवेअर आणि मोडक्या इंग्रजीतलं चार पानी माहितीपत्रक.

रास्पबेरी पायलाही सुरुवातीला सॉफ्टवेअरची अडचण आलीच होती. त्याची चिप जुन्या एआरएमव्ही६ घराण्यातली. दशांशांची गणितं झटपट करणारा भाग तिच्यात होता, पण डेबियन लिनक्सची जी आवृत्ती तो भाग नीट वापरायची ती एआरएमव्ही७ च्या पुढच्या चिपांसाठीच बांधलेली होती. म्हणजे एक तर सॉफ्टवेअर चालणार नाही, नाही तर चालेल पण रांगत. बोर्डामागच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनशी काही संबंध नसलेले दोन स्वयंसेवक, माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन, या कामाला भिडले. छोट्या एआरएम यंत्रांचा ताफा जुळवून त्यांनी डेबियनची ३५ हजारांहून अधिक पॅकेजेस या एका चिपसाठी नव्याने बांधून काढली, आणि जून २०१२ मध्ये रास्पबियन तयार झालं. हार्डवेअर तेच, किंमत तीच, पण फरक मोठा पडला. पुढे फाउंडेशनने हेच अधिकृत सॉफ्टवेअर म्हणून स्वीकारलं आणि पगारी माणसं त्यावर बसवली. परिणाम असा, की २०२३ साली आलेली बुकवर्म ही आवृत्ती २०१२ च्या पहिल्या बोर्डावरही चालते. हळू चालते, पण तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. अकरा वर्षांपूर्वीच्या कुठल्या फोनबद्दल असं म्हणता येईल?

यावर पहिला आक्षेप येतो तो नशिबाचा. रास्पबेरी पाय पहिला आला, बीबीसीची आठवण आणि धर्मादाय संस्थेचं वलय त्याच्यामागे होतं, म्हणून लोक जमले. देखभाल वगैरे नंतरच्या गोष्टी. पण तो पहिला नव्हता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या अभियंत्यांनी घडवलेला बीगलबोर्ड २००८ सालचा, १४९ डॉलरचा, त्याची कागदपत्रंही उत्तम. त्याच्यापुढे पायची किंमत कमी होती हे खरं, आणि किंमत महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. पण किमतीनेच निकाल लागत असता तर नऊ डॉलरचा बोर्ड जिंकायला हवा होता. तोही आला होता. अमेरिकेतल्या ओकलंडच्या कंपनीने २०१५ साली ‘चिप’ नावाचा नऊ डॉलरचा संगणक जाहीर केला. त्याच्यासाठी लोकांनी वीस लाख डॉलर आगाऊ भरले. वायफाय, ब्लूटूथ आणि ४ गिगाबाइट साठवण बोर्डावरच होती, कार्डाची कटकट नाही. २०१८ साली कंपनीचं दिवाळं निघालं आणि बोर्डात सॉफ्टवेअर भरायला लागणारे तिचे सर्व्हर बंद पडले. काही वापरकर्त्यांनी फाइल्सच्या प्रती वेळेत काढून ठेवल्या होत्या, त्या आधारावर उरलेले बोर्ड कसेबसे चालले. नऊ डॉलरमध्ये पुढच्या दहा वर्षांचा पगार कुणाला देता येत नाही, हे गणित पहिल्या दिवशीच मांडता आलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढा खटाटोप करायचा तर जुना लॅपटॉप का घेऊ नये? टंकलेखन, ब्राउझर, हिशेब एवढंच काम असेल, तर हा सल्ला मला पटतो. जुन्या लॅपटॉपमध्ये पडदा, कीबोर्ड आणि वीज गेल्यावर तग धरणारी बॅटरी, सगळं एकत्र येतं, आणि लिनक्स त्यावर विनातक्रार बसतं. पण एकसारखे वीस जुने लॅपटॉप सहज मिळत नाहीत, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत वीस सारखी यंत्रं असणं हीच मोठी सोय असते. एक कार्ड नीट तयार करून त्याच्या वीस प्रती काढायच्या. एखादं बिघडलं तर दहा मिनिटांत नवी प्रत. शिवाय पिनांची ती रांग. त्यांना तापमान मोजणारा सेन्सर किंवा मोटार जोडून मूल जे शिकतं, ते बंद डब्यातल्या लॅपटॉपवर शिकता येत नाही.

काही शिक्षक म्हणतील, की अडचणीतूनच मुलं शिकतात, सगळं सोपं करून दिलं तर या बोर्डाचा हेतूच संपला. यात तथ्य आहे, पण अडचण आणि अडचण यात फरक असतो. प्रोग्राम चुकला, पडद्यावर कितव्या ओळीत चूक आहे ते आलं, मुलाने ती शोधली. या अडचणीतून शिक्षण होतं. केबल बारीक आहे म्हणून संगणक दर वीस मिनिटांनी बंद पडतो आणि कारण कुठेच दिसत नाही. यातून मूल एवढंच शिकतं, की हे आपल्याला जमणारं काम नाही. कोपऱ्यातलं ते पिवळं चिन्ह मला म्हणूनच मोलाचं वाटतं. दुसऱ्या जातीच्या अडचणीला ते पहिल्या जातीत आणून बसवतं.

आपल्याकडे या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी आकाश टॅबलेटचं अनावरण झालं. किमतीचा गाजावाजा तेव्हाही ३५ डॉलरचाच होता. २५६ मेगाबाइट मेमरी, जोर देऊन दाबावा लागणारा पडदा, अँड्रॉइडची जुनी आवृत्ती. विद्यार्थ्यांनी हाताळल्यावर निराशा झाली. पुढची आवृत्ती आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली आली, तेव्हा तिथे भर दिला गेला तो ॲप्स आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर, आणि ती दिशा योग्य होती. त्याच आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प लिनक्स, पायथन, लिबरऑफिस असे विषय मराठीसह अनेक भारतीय भाषांत, छोट्या ध्वनिचित्रफितींतून शिकवतो. एका स्वस्त बोर्डाला सांगलीच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलीच्या कामाचं करण्यात अशा फितीचा वाटा प्रोसेसरच्या चार कोअरपेक्षा कमी नाही. देवनागरीचंही तसंच. फॉन्ट नसेल तर पडद्यावर चौकोन दिसतात. फॉन्ट असला पण अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर नसेल तर ‘र्‍या’ आणि ‘क्ष’ फुटतात. दोन्ही असून इनस्क्रिप्ट कीबोर्ड कुठे चालू करायचा हे कळलं नाही तर वाचता येतं, लिहिता येत नाही. आज लिनक्सवर देवनागरी बरीच सुखाने चालते, त्यामागे सी-डॅकने रुजवलेला इनस्क्रिप्टचा आराखडा आहे आणि लोहित फॉन्ट वर्षानुवर्षं सांभाळणारा रेड हॅटचा पुण्यातला गट आहे. बोर्डाच्या किमतीत यांच्यापैकी कुणाचाच मेहनताना नाही.

रास्पबेरी पायची बाजू मांडताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. त्याचं वापरणं सोपं झालं ते बऱ्याच अंशी एकाच घराच्या हाती सगळं असल्यामुळे. बोर्ड सुरू होताना पहिल्यांदा चालतो तो फर्मवेअरचा बंद भाग. त्याचा मूळ मजकूर खुला नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये चिपांची टंचाई आली, तेव्हा बोर्ड कारखान्यांकडे आधी गेले, आणि शाळा-छंदिष्टांना महिनोन्‌महिने मिळाले नाहीत किंवा दुप्पट-तिप्पट भावाने घ्यावे लागले. २०२४ साली बोर्ड बनवणारी रास्पबेरी पाय कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली. एकावर विसंबणं धोक्याचं, हे यातून दिसतं. त्यावरचा उतारा मात्र आणखी स्वस्त बोर्ड हा नव्हे. मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये ज्याचा नकाशा पोचला आहे असा बोर्ड निवडणं हा आहे, कारण तिथली देखभाल एका कंपनीबरोबर बुडत नाही.

शाळेसाठी, ग्रंथालयासाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी असे बोर्ड घेणाऱ्यांनी निविदेत गिगाहर्ट्झ आणि गिगाबाइटच्या रकान्यांशेजारी आणखी काही रकाने आखावेत असं मला कळकळीने वाटतं. हा बोर्ड कंपनीने बदल न केलेल्या मुख्य कर्नेलवर सुरू होतो का? सुरक्षेच्या दुरुस्त्या कुठल्या सालापर्यंत येतील? रास्पबेरी पाय प्रत्येक बोर्ड किमान कोणत्या सालापर्यंत उत्पादनात राहील ते जाहीर करते. हा विक्रेता तसं लेखी देतो का? चार्जर आणि केबल त्याच बोर्डासाठी तपासलेली आहे का? आणि शाळेच्या बाजूनेही एक नाव ठरलेलं असावं: मूळ कार्ड कुणाच्या ताब्यात आहे, त्याच्या दोन ताज्या प्रती कुठे ठेवल्या आहेत, आणि जूनमध्ये वर्ग भरण्याआधी त्या कार्डावरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करायला त्या व्यक्तीला तासिकेतून किती वेळ मोकळा दिला आहे.